दोष पियाबाच्या पोटाचा

अशी कल्पना करा, की तुम्हाला भूक लागली आहे. शाळेतून आल्यावर लागते ती साधी भूक नव्हे. जेवण झालं, ताट चाटून पुसून झालं, तरी आतून कुणीतरी सगळं पुन्हा रिकामं करतं आहे, अशी भूक. तुमच्या आतड्याच्या मऊ अस्तराला दोऱ्याच्या तुकड्यांसारखे जंत दातांनी घट्ट धरून बसले आहेत. ते तुमचं जेवण खात नाहीत, तुमचं रक्त पितात. एका जागेचा कंटाळा आला की तिथली जखम वाहती सोडतात आणि शेजारी नवा चावा घेतात. तुमच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, पाय लटपटतात, वाळू खावीशी वाटते. आणि यातलं काहीच तुम्हाला कुणाला सांगता येत नाही, कारण तुम्ही कुत्रा आहात.

आता यात आणखी थोडी भर घाला. गावातली मोठी माणसं तुमच्याकडे बोट दाखवून म्हणताहेत, की सगळा गुन्हा या कुत्र्याचाच.

राग आला का? यायलाच हवा. बार्रा सेका या समुद्रकाठच्या गावातल्या नील्दाला तो आला होता, आणि एकदा आला तो बरेच दिवस उतरला नाही.

नील्दाच्या कुत्रीचं नाव पियाबा. नदीत बोटाएवढी एक चपळ मासळी असते, तिचं हे नाव. ही कुत्रीही लहानपणी तशीच होती, हातात धरली की सुळकन निसटणारी. नील्दाचे वडील लांबच्या बोटीवर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायला जात आणि महिना-महिना घरी नसत. घरात नील्दा, तिची आई सोकोर्रो आणि पियाबा. सकाळी उठून नील्दा आईचा आशीर्वाद मागायची, मग पियाबाच्या डोक्यावर हात ठेवून आपला आशीर्वाद तिला द्यायची. आई म्हणायची, कुत्र्याला कसला आशीर्वाद. पण हसायची.

सोकोर्रोचं अंगण सगळ्या गावात नावाजलेलं होतं. बार्रा सेकाची अंगणं वाळूचीच. बायका पहाटे माडाच्या हिरांच्या खराट्याने वाळू अशी झाडतात, की विंचरलेल्या केसांसारख्या रेघा उमटतात. मग वर पाणी शिंपडतात, म्हणजे समुद्रावरचा वारा सुटला तरी वाळू घरात येत नाही. झाडताना कोंबडीची, कुत्र्याची घाण दिसली तर तिच्यावर खराट्याने वाळू ओढायची आणि पाणी मारून ती दाबून टाकायची. झाकलं, की संपलं. त्यांच्या आयांनी तसंच केलं होतं, आज्यांनीही. सोकोर्रोच्या अंगणात काजूचं मोठं झाड होतं आणि त्याच्याखाली धुण्याची फळी. दिवसभराचं पाणी तिथेच सांडायचं. त्यामुळे तिथली वाळू कायम काळसर आणि गार. भर दुपारी बाहेर पाय भाजत असताना पियाबा तिथे पोट टेकून पडायची, आणि तिच्या पोटाला डोकं टेकून नील्दा.

त्या उन्हाळ्यात पियाबाचं पोट बिघडलं. आधी पातळ झालं. मग डांबरासारखं काळं, आणि असा वास की कोंबड्याही लांबून जात. मग त्यात लाल धागे दिसू लागले. खायला घातलं तर अधाशासारखी खायची, पण बरगड्या दिवसेंदिवस वर येत चालल्या. एके दिवशी ती वाळू चाटताना दिसली, दुसऱ्या दिवशी वाळू खाताना.

आईने तिला ताडाच्या पातीचं मुसकं विणून घातलं. वाळू खाते म्हणून आजारी पडते, असं तिचं म्हणणं. शेजारच्या कितेरिया मावशी पाल्याची डहाळी फिरवून आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायच्या. त्यांनी पियाबावरही डहाळी फिरवली आणि निदान केलं, की पोटात किडे आहेत. निदान अगदी बरोबर होतं, बरं का. पण त्यापुढचा त्यांचा सल्ला ऐका. कुत्रीला काही खायला घालू नका, म्हणजे आतले किडे उपाशी मरतील. पाल्याचा उग्र रस तेवढा पाजा.

आता तुम्हीच विचार करा. आतले तर रक्त पीत होते, त्यांचं ताट भरलेलंच होतं. उपाशी राहिली ती पियाबा. अंगात होतं नव्हतं तेवढं रक्त आतल्या आत लुटलं जात होतं, आणि नवं रक्त करायला जे अन्न लागतं तेच बाहेरून बंद. नील्दा गुपचूप मासळीची डोकी नेऊन तिचं मुसकं सोडायची. एकदा मावशींनी पाहिलं आणि कुंपणापलीकडून ओरडल्या.

"अगं ए, तूच मारणार तिला लाडानं!"

आपलं बरोबर आहे हे नील्दाला कळत होतं, पण का बरोबर आहे ते सांगता येत नव्हतं. ही फार चमत्कारिक जागा असते. तुम्हीही कधीतरी तिथे उभे राहिला असाल.

गावाच्या टोकाला समुद्राला लागून जेनिवालचा लॉज होता. तिथे शहरातली माणसं सुट्टीला येत आणि माडांच्या सावलीत पाय सोडून बसत. एकदा तिथल्या एका पाहुण्याच्या मुलाच्या तळपायावर लाल, वळणावळणाची रेघ उठली. रात्रीत ती आणखी पुढे सरकली आणि खाजेने मुलगा रडून रडून बेजार झाला. गावातल्या मुलांना अशा रेघा दरवर्षी उठत. आया त्यांवर काहीबाही चोळत आणि पोरं खाजवत शाळेत जात. कुणी त्याचा गवगवा केला नव्हता. पण पाहुण्याच्या पायाला उठली म्हटल्यावर गावची बैठक बोलावली गेली.

बैठक कोळ्यांच्या जाळ्यांच्या छपरात भरली. जेनिवाल स्वच्छ पांढरा सदरा घालून आला होता. त्याने सांगितलं, की हा किडा कुत्र्यांच्या विष्ठेतून वाळूत येतो. असली बातमी शहरात पसरली, तर लॉज ओस पडेल, मग मासळी कोण घेणार आणि बायकांनी विणलेली लेस कोण घेणार. तेव्हा आजारी कुत्री गावात ठेवून चालणार नाही. लोक विचारात पडले. नेमकी त्याच वेळी पियाबा नील्दाच्या मागून लटपटत आली आणि सगळ्यांच्या समोर, छपराच्या तोंडाशीच, पाठ वाकवून बसली. काळं पाणी पडलं.

आधी पोरं हसली, मग कुणीच हसलं नाही.

"घ्या," जेनिवाल म्हणाला. "मी आणखी काय बोलू?"

ठरलं असं, की आजारी कुत्री येत्या रविवारी प्रार्थनेनंतर नदीपलीकडे सोडायची. सोडायची, हा शब्द नीट ऐका. नदीपलीकडे खारफुटीचा चिखल आहे, खारं पाणी आहे आणि माणूस नाही. तिकडे नेलेल्या कुत्र्यांचं रडणं वाऱ्याबरोबर इकडे येतं, आणि थोड्या दिवसांनी यायचं थांबतं. त्याला गावात कुणी मारणं म्हणत नाही. मोठ्या माणसांना वाईट काम करायचं असलं, की ती आधी त्याच्यासाठी मऊ शब्द शोधतात.

नील्दा उठून म्हणाली, की ती आजारी आहे, तिनं काय केलंय. जेनिवालने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोठ्यांच्या बैठकीत पोरीबाळी कधीपासून बोलायला लागल्या, असं त्याने सगळ्यांना विचारलं. नील्दाने आईकडे पाहिलं. सोकोर्रोची मान खाली होती. सगळ्या गावात जिच्या अंगणाचं नाव, तिच्याच अंगणातून ही घाण निघाली असं चारचौघांत ठरलं होतं. तिचे कान लाल झाले होते.

"न्या," ती म्हणाली. "माझ्या दारात नको."

नील्दाला जेनिवालचा राग आला होताच. पण आईच्या या शब्दांनी जे झालं, त्याला राग हा शब्द पुरत नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. पियाबाला तरी कुठे जेवण मिळत होतं.

शुक्रवारी शाळेच्या पडवीत कुत्र्यांना पिसाळण्याविरुद्धची लस टोचायला जनावरांची डॉक्टर आली. तिचं नाव मार्लुसे. बुटकी, उन्हाने रापलेली, आणि सारखी घाईत. नील्दा पियाबाला उचलून रांगेत उभी राहिली, कारण चालत आणण्यासारखी ती राहिली नव्हती. डॉक्टरने सुई बाजूला ठेवली आणि पियाबाचा ओठ वर केला.

"हिरड्या बघ. कशासारख्या दिसतात?"

"खोबऱ्यासारख्या," नील्दा म्हणाली.

"आणि कशासारख्या हव्यात?"

नील्दाने जरा विचार केला. "लाल पेरू फोडल्यावर दिसतो तशा."

"शाबास. हिच्यात रक्तच उरलेलं नाही. पोट कसं आहे? काळं होतं का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी नील्दाला प्रश्न विचारत होतं आणि उत्तर ऐकत होतं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरने पियाबाच्या विष्ठेचा कण मिठाच्या पाण्यात कालवला, थोडा वेळ थांबली, वरचा थेंब काचेवर घेतला आणि पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला. मग नील्दाला डोळा लावायला सांगितलं. गोल प्रकाशात पातळ कवचाची लंबगोल अंडी पडली होती. प्रत्येकात द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी, आणि अशी ती कितीतरी. पियाबाच्या आतड्यात बसून रक्त पिणाऱ्यांची ही पिल्लावळ. ती विष्ठेतून बाहेर पडते, वाळूत फुटते आणि बारीक अळी होऊन वाट बघते. कुत्रा वाळूत पोट टेकून झोपला, की कातडीतून आत शिरते. आईच्या दुधातून पिलांतही जाते. माणसाच्या पायात शिरली तर मात्र चुकते. खोल जाता येत नाही, म्हणून कातडीखालीच भरकटत राहते. तीच ती लाल रेघ.

"ही झोपते कुठे?" डॉक्टरने विचारलं.

नील्दा डॉक्टरला घरी घेऊन गेली. रांगेतली निम्मी माणसं मागून आली, कितेरिया मावशी आल्या, जेनिवालही आला. डॉक्टर अंगणाकडे बघत उभी राहिली आणि सोकोर्रोचा चेहरा जरासा खुलला. असं झाडलेलं अंगण शहरात कुठे बघायला मिळणार, असं तिला वाटलं असणार. मग डॉक्टरने काजूखाली उकिडवं बसून काळसर वाळूत बोटं खुपसली.

तिने सांगितलं ते असं. उन्हातल्या कोरड्या, तापलेल्या वाळूत ही अळी वाळून मरते. सावलीतल्या ओल्या वाळूत ती आठवडेच्या आठवडे जगते. घाण उचलून नेली तर अंडी फुटायच्या आधीच बाहेर जातात. तिच्यावर वाळू ओढून पाणी मारलं, तर त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं अंथरूण नाही.

सोकोर्रोने काजूला टेकवलेल्या खराट्याकडे पाहिलं. "म्हणजे मी," ती म्हणाली, "रोज पहाटे उठून तेच पेरत होते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ताई. ज्याला सांगितलेलं नसतं त्याचा दोष नसतो."

"ऐकलंत ना?" जेनिवाल लोकांकडे वळला. "उगम इथेच आहे. मी काय वेगळं सांगत होतो?"

डॉक्टर हात झटकत उभी राहिली. तिच्या आवाजातली घाई गेली होती.

"तुम्हाला मात्र सांगितलं होतं, जेनिवाल. गेल्या खेपेला तुमच्या मांजरांना बघायला बोलावलंत तेव्हा. मांजरांच्या पोटातही हाच किडा आहे म्हटलं होतं. औषध दिलं होतं. पाहुण्यांचे पाय भाजू नयेत म्हणून माडांखालच्या वाळूवर तुम्ही रोज नळी धरता, ती बंद करा म्हटलं होतं."

जेनिवाल म्हणाला, की त्या गोष्टीचा इथे काय संबंध. त्याची मांजरं डब्यातलं खातात, त्यांना रोज विंचरलं जातं. आणि पाहुणे तापल्या वाळूत बसतील का? औषध दिलं होतं का, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा त्याने घड्याळात पाहिलं.

नील्दा हे सगळं ऐकत होती. तिला आता सगळं सरळ दिसायला लागलं. याला माहीत होतं. बैठकीत पांढरा सदरा घालून बोट दाखवताना याला माहीत होतं. न कळून चुकणारी माणसं वेगळी. आई त्यातली, कितेरिया मावशीही त्यातल्याच. हा वेगळा. याने कळत असून एका मुक्या, आजारी जनावरावर आपल्या दोषाचं खापर फोडलं होतं.

डॉक्टरने पियाबाला औषध पाजलं, पंधरवड्यानंतरचा दुसरा डोस नील्दाच्या हातात दिला, उपाशी ठेवायचं नाही, काळीज, अंडी, मासळी जे मिळेल ते थोडं थोडं घालायचं म्हणून बजावलं, गावातल्या बाकीच्या कुत्र्यांसाठीही बाटल्या ठेवल्या आणि ती पुढच्या गावी निघून गेली. कितेरिया मावशी बाटली हातात घेऊन म्हणाल्या, की किडे आहेत हे मी आधीच सांगितलं होतं. ते खरंच होतं. संध्याकाळी मात्र त्यांनी कुंपणावरून दोन अंडी पुढे केली आणि तोंड दुसरीकडे वळवून म्हणाल्या, "घाल तिला. लाडानं घाल."

शनिवारी आईने अंगण झाडताना सगळी घाण फावड्याने उचलली, लांब खड्ड्यात नेऊन पुरली आणि पाणी शिंपडलं नाही. दुपारी वारा सुटला. वाळू घरात आली, झोपायच्या झोळ्यांवर बसली, कॉफीत पडली. कसावा कंदाच्या पोळीत कचकच लागत होती. आईने ती पोळी चावून चावून संपवली. मग पियाबाचं मुसकं काढलं आणि चुलीत टाकलं. पण रविवार अजून यायचा होता, आणि बैठकीत शब्द आईनेच दिला होता.

जेनिवाल गावभर सांगत फिरला, की कुत्र्यांच्या पोटात किडे आहेत हे डॉक्टरनेच कबूल केलंय आणि बैठकीत ठरलं ते ठरलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर तो दोरी घेऊन दारात आला. सोबत आदाउतो काका. नदीपार जायचं तर होडी त्यांचीच. चार रिकामी माणसं बघायला आली होती. पियाबा उंबऱ्याशी पडली होती. उठली नाही, पण शेपटी हलवली, जेनिवालकडे बघूनसुद्धा. कुत्र्यांना हे कळत नाही.

नील्दा तिच्यासमोर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तिला कवटाळलं.

"बाजूला हो," जेनिवाल म्हणाला. "सोकोर्रो, पोरीला आवर. शब्द दिला आहेस तू."

सोकोर्रो झग्याला हात पुसत बाहेर आली.

"दिला होता," ती म्हणाली. "आजारी पोटाची जनावरं पलीकडे न्यायची, असं ठरलं होतं ना? मग चला, तुझ्याकडून सुरू करू. तुझी मांजरं पोत्यात घाल, मी पियाबाला घेऊन मागून येते."

"माझ्या मांजरांचा प्रश्नच येत नाही."

"का? ती विंचरलेली आहेत म्हणून?"

बघ्यांपैकी कुणीतरी फसकन हसलं. जेनिवालने आदाउतो काकांना सांगितलं, की तुम्ही होडी काढा, बायकांच्या बोलण्यात वेळ घालवू नका. आदाउतो काकांनी दाढी खाजवली.

"होडीत जागा आहे रे," ते म्हणाले. "मांजरांनाही आहे, तुलाही आहे. पण एकट्या कुत्रीसाठी मी वल्हं उचलणार नाही. तुझं पाप मी का वल्हवत नेऊ?"

आणि ते वळून चालायला लागले. होडीवाला गेल्यावर दोरीचं करायचं काय? जेनिवाल थोडा वेळ ती हातात धरून उभा राहिला, मग रस्त्याने निघून गेला. जाताना म्हणाला, की पुढच्या पाहुण्याच्या पायाला काही झालं तर मी जबाबदार नाही.

सोकोर्रो उंबऱ्यावर बसली. पियाबाच्या ओठाला हात लावून तिने तो वर केला आणि आत पाहिलं. अजून खोबरंच होतं. रक्त काही दोन दिवसांत भरून येत नाही. तिने नील्दाला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, की बैठकीत मी बोलले ते चुकलं. नील्दाने मान हलवली. आईवरचा राग गेला होता. पण जेनिवालचं ते शेवटचं वाक्य तिच्या कानांत तसंच होतं. पुढच्या पाहुण्याच्या पायाला होणार, आणि पुन्हा कुणातरी मुक्या जनावरावर आळ येणार.

ती उठली. आईचं फावडं घेतलं, एक बादली घेतली आणि भर रस्त्याने लॉजवर गेली. गावच्या पोरांनी मागच्या दाराने यायचं, असा तिथला नियम होता. नील्दा पुढच्या फाटकातून आत शिरली. माडांखाली पाहुणे नाश्ता करत बसले होते, सगळ्यांचे पाय उघडे, वाळू नुकतीच नळीने भिजवलेली. त्या ओल्या वाळूत मांजरांनी उकरून झाकलेले छोटे छोटे उंचवटे होते. नील्दाने पहिल्या उंचवट्याशी गुडघे टेकले, खालची घाण सगळ्यांच्या देखत फावड्यावर उचलली आणि बादलीत टाकली.

एका पाहुणीने खुर्चीतून वाकून विचारलं, की काय शोधतेस गं बाळ.

नील्दाने तिला काय ते सांगितलं, अंड्यांपासून लाल रेघेपर्यंत, काही न गाळता. पाहुणीने दोन्ही पाय वर घेतले. तोवर नील्दा दुसऱ्या उंचवट्याकडे सरकली होती.